होडी कुणी घडवली, याची नोंद कोण ठेवणार?

घोडपदेवहून पूर्वेला हार्बरचे रूळ ओलांडले की दारूखाना लागतो. जुनी जहाजे तोडण्याचा हा धक्का. २०१४ साली 'विक्रांत' ही विमानवाहू युद्धनौका येथेच तोडायला आणली गेली. ती इंग्लंडात कोणत्या कारखान्यात बांधायला घेतली, बेलफास्टला कुणी पूर्ण केली, १९६१ साली आपल्या नौदलात कधी दाखल झाली, हे सारे कागदावर आहे. पण याच किनाऱ्यावरच्या कोळ्याची लाकडी होडी मोडीत निघाली, तर ती कुणी आणि केव्हा घडवली, हे कोण सांगणार?

मुंबईत बांधलेल्या मोठ्या जहाजांचे असे होत नाही. 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरली. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया, लाकूड मलबारचा साग. आज ती इंग्लंडात हार्टलपूल येथे जपून ठेवली आहे. तिचे वय व कर्ता शोधावा लागत नाही. मात्र वाडियांच्या हाताखाली वाकस आणि करवत चालवणाऱ्या शेकडो सुतारांची नावे कुठे आहेत? मालकाचे नाव राहिले, मुख्य मिस्त्रीचे राहिले, हात मात्र निनावी राहिले.

एकाच खोडातून कोरलेल्या होडीची गोष्ट तर याहून कठीण. कोकणात अशा होड्यांसाठी आंब्याचे जाड खोड वापरत. तिला ना नकाशा, ना करारपत्र. तिची साक्ष तिच्या अंगावरच वाचावी लागते.

प्रथम घाव पाहावेत. वाकसाने तासलेल्या लाकडावर उथळ, खोलगट घाव राहतात. हातकरवतीच्या खुणा सरळ पण थोड्या असमान असतात, गोल पात्याच्या यंत्रकरवतीच्या खुणा कमानीसारख्या वाकलेल्या असतात. मग खिळे. लोहाराने ठोकलेला खिळा चौकोनी असतो, तर कारखान्यातला तारेचा खिळा गोल आणि एकसारखा. पण सावध राहिले पाहिजे. खिळा हा बहुधा डागडुजीचा साक्षीदार असतो, होडीच्या जन्माचा नव्हे. शंभर वर्षांच्या होडीत गेल्या वर्षीचा खिळा सापडू शकतो.

मग लाकडाची जात. नखाएवढा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तरी झाड ओळखता येते. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत हे काम होते. सागाला वर्षाकाठी एक वलय पडते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने सागाच्या वलयांवर अभ्यास केला आहे. आंब्याला मात्र अशी स्पष्ट वलये नसतात.

कार्बन परीक्षेची कीर्ती फार मोठी आहे. तिचा शोध लावणाऱ्या लिबींना १९६० साली नोबेल मिळाले. पण ती परीक्षा सांगते ते लाकडाचा तो थर केव्हा वाढला हे, होडी केव्हा कोरली हे नाही. खोडाच्या गाभ्यातला तुकडा घेतला तर होडी खऱ्या वयापेक्षा कित्येक दशकांनी म्हातारी ठरते. शिवाय साधारण १६५० ते १९५० या काळासाठी या परीक्षेचे उत्तर संदिग्ध येते, आणि आपल्या बहुतेक जुन्या होड्या याच काळातल्या. केरळात चेर्थला तालुक्यातील कडक्करप्पल्ली येथे २००२च्या सुमारास उकरलेल्या मध्ययुगीन नावेच्या बाबतीत ही परीक्षा उपयोगी पडली. आजोबांच्या होडीला ती फारशी मदत करत नाही.

मग उरतो कागद. मासेमारी नौकांच्या नोंदणीत मालकाचे नाव सापडते. म्हणजे विज्ञान झाड सांगते, सरकारी दप्तर मालक सांगते. घडवणारा माणूस सांगतात फक्त वस्तीतली म्हातारी माणसे. कोणत्या बंदरातला सुतार नाळ कशी उचलतो, काठ किती जाड ठेवतो, हे त्यांना हात लावून कळते. ही माणसे गेली की ही परीक्षाही गेली.

बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले की जातिव्यवस्था ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. या वाटणीत ज्याच्या हाती वाकस होते, त्याच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्याच्या हाती लेखणी होती, त्याला वाकसाची किंमत नव्हती. होडीवर कर्त्याचे नाव नाही, ते तिला कर्ता नव्हता म्हणून नाही. त्याचे नाव कुणी विचारलेच नाही म्हणून. आज आपल्या घरात लेखणी आली आहे. मग ही नोंद आपण का ठेवू नये?

माझगाव, शिवडी, वरळी, माहीम, जिथे जुनी होडी उलथी पडली असेल तिथल्या तरुणांनी एवढे तरी करावे. ती भंगारात किंवा एखाद्या रिसॉर्टच्या बागेत फुलांची कुंडी म्हणून जाण्याआधी तिची लांबी, रुंदी, जाडी मोजावी. घावांचे, सांध्यांचे, खिळ्यांचे फोटो काढावेत. वस्तीतल्या सर्वांत वृद्ध माणसाला घडवणाऱ्याचे नाव आणि गाव विचारून तारखेसह लिहून ठेवावे. याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. राजांच्या तलवारींना वस्तुसंग्रहालये आहेत. ज्यांनी शहराला मासळी खाऊ घातली त्यांच्या होडीला किमान एक पान तरी मिळायला हवे.