एक नंबर कमी

आमच्या लहानपणी सांगलीत जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेचे बूट घ्यायला जायचो, तेव्हा वडील दुकानदाराला पहिलंच वाक्य सांगायचे, "वाढत्या पायाचे द्या." म्हणजे एक नंबर मोठे. पुढच्या पोकळीत आई कापसाचा बोळा कोंबायची. दिवाळीपर्यंत बोळा निम्मा व्हायचा, मार्चमध्ये निघून जायचा आणि बूट दोन वर्षं पुरायचे. धाकटा भाऊ असेल तर चार वर्षं. यात चूक काहीच नव्हती. हेच शहाणपण मी कॅनडात टोरांटोजवळच्या गावी सोबत घेऊन गेलो आणि एका बाबतीत त्यानं माझी चांगलीच फजिती केली. ती बाब म्हणजे आइस हॉकीचे स्केट्स.

कॅनडात नुसतं हॉकी म्हटलं की ती बर्फावरची. आपल्या ध्यानचंदांच्या हॉकीला तिथे 'फील्ड हॉकी' असं वेगळं नाव घ्यावं लागतं. आमचे चिरंजीव सहा वर्षांचे झाले तेव्हा वर्गातली निम्मी मुलं बर्फावर पळत होती. मग आम्हीही गावच्या रिंकमधल्या शनिवारच्या शिकवणीत त्याचं नाव घातलं. स्केट्स आणायचं काम माझ्याकडे. एका मोठ्या दुकानात मांडणीवर खोकी रचून ठेवली होती. मुलाच्या बुटाचा नंबर बारा, म्हणून मी तेराचे उचलले. घरी आल्यावर सांगलीला फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंस. वाढत्या अंगाचं पोर."

पुढचे सहा शनिवार आठवले की अजून अपराधी वाटतं. पोरगं बर्फावर उतरलं की दोन्ही घोटे आत वळायचे, गुडघे एकमेकांना लागायचे आणि ते कठड्याला धरून उभं राहायचं. त्याच्याहून लहान मुली सुळकन बाजूनं निघून जायच्या. पाय हलतोय असं दिसलं म्हणून मी लेस आणखी आवळायचो. बोटं लाल होईपर्यंत आवळायचो. मग त्याच्या पायाला मुंग्या यायच्या. शेजारी बसलेले एक पालक सहानुभूतीनं म्हणाले, काही मुलांचे घोटेच कमजोर असतात. ते त्यानं ऐकलं. घरी येताना गाडीत त्यानं विचारलं, "बाबा, माझे पाय कच्चे आहेत का?" आणि सातव्या शनिवारी, पोट दुखतंय, असं सांगून तो अंथरुणातून उठलाच नाही.

त्याच आठवड्यात मी स्केट्सना धार लावायला एका लहानशा दुकानात गेलो होतो. मालक सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी बूट उलटसुलट केला, मुलाचं वय विचारलं, शाळेचा नंबर विचारला, आणि धार न लावताच स्केट्स काउंटरवर ठेवले. मुलाला घेऊन या, म्हणाले. पाय कच्चे नाहीत, बूट मोठा आहे. पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी आम्हा बापलेकांना जे शिकवलं, तेच आज तुम्हाला सांगतो आहे.

पहिली गोष्ट ही, की स्केट हा बूट आहे असं समजूच नये. चालायच्या बुटात पाय थोडा मागेपुढे सरकला तर फार तर फोड येतो. स्केटचं पातं जेमतेम तीन मिलिमीटर रुंद असतं. शिवाय त्याचा तळ सपाट नसतो. मधून उभी खोलगट पन्हळ काढलेली असते आणि तिच्या दोन्ही काठांना दोन धारा असतात, एक आतली, एक बाहेरची. वळायचं, थांबायचं, वेग घ्यायचा, ते सगळं या दोन धारांवर. पाय किंचित कलला की पातं कलायला हवं. पण पाय आणि बूट यांच्यामध्ये पोकळी असेल, तर पाय आधी त्या पोकळीत कलंडतो आणि मग बुटाला ढकलतो. तोवर तोल गेलेला असतो. घोटा आत वळतो तो दुबळा असतो म्हणून नव्हे. त्याला टेकायला भिंतच सापडत नाही म्हणून. चांगल्या खेळाडूलाही दोन नंबर मोठे स्केट्स दिले तर तोही तसाच लटपटेल.

दुसरी गोष्ट नंबराची. हॉकी स्केटचा नंबर आपल्या रोजच्या बुटाच्या नंबरापेक्षा साधारण एक ते दीडने कमी लागतो. माझ्या मुलाला अकरा हवा होता आणि मी तेरा दिला होता! कापसाचा बोळा घालून हे भागत नाही, कारण खरी पोकळी पुढे नसते, ती टाचेभोवती आणि घोट्याभोवती असते.

आता माप कसं बघायचं? म्हातारबुवांनी मुलाला खुर्चीवर बसवलं, जाड लोकरीचे मोजे काढायला लावले आणि एक पातळ मोजा दिला. थंडी आहे म्हणून दोन मोजे घालणं ही आणखी एक देशी चूक. मोज्याच्या घड्या आत चावतात, पायाला घाम सुटतो आणि ओला पाय जास्त गारठतो. बॉस्टनकडून खेळलेला बॉबी ऑर हा हॉकीतला थोर खेळाडू तर मोजे घालतच नसे.

मग लेस अगदी खालपर्यंत सैल करून त्यांनी पाय आत घातला आणि बोटं पुढे टेकेपर्यंत सरकवला. आता टाचेमागे किती जागा उरली? मोठ्या माणसाच्या टाचेमागे एक बोटसुद्धा कष्टानं जावं. वाढत्या मुलाच्या बाबतीत एक बोट चालतं. वाढीसाठी जी काही सवलत द्यायची ती एवढीच, अर्ध्या नंबराची. माझ्या तेरा नंबरात त्यांची दोन बोटं आरामात गेली आणि वर फिरलीसुद्धा.

यानंतर अकराचा जोड काढला. पाय आत गेल्यावर त्यांनी मुलाला टाच जमिनीवर दोनतीनदा मागच्या बाजूनं आपटायला सांगितली, म्हणजे टाच खोबणीत नीट बसते. मग लेस. पंज्यावर बेताच्या, मध्ये घट्ट, वर पुन्हा थोड्या सैल, कारण गुडघा पुढे वाकता आला पाहिजे. लेस बांधून झाल्यावर दोन्ही बाजूंच्या भोकांमध्ये दीडदोन इंचांचं अंतर राहावं. दोन्ही कडा एकमेकींना भिडत असतील तर बूट पायापेक्षा रुंद आहे असं समजावं.

आता गंमत बघा. मुलगा ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "बोटं लागतात." मी लगेच म्हणालो, बघा, लहान होतो. म्हातारबुवा हसले. त्यांनी त्याला गुडघे वाकवून खेळाडूसारखं उभं राहायला सांगितलं. वाकल्याबरोबर टाच मागे गेली आणि बोटं सुटली. ताठ उभं असताना बोटांची टोकं पुढच्या टोपीला हलकेच लागायची, गुडघे वाकवले की सुटायची, हीच बरोबर मापाची खूण. बोटं दुमडली जात असतील तर मात्र खरोखरच लहान. बहुतेक आईबाप नेमके इथे फसतात. मूल ताठ उभं असताना "लागतंय" म्हणतं आणि आपण मोठं खोकं मागवतो.

लांबी जुळली म्हणजे संपलं असं नाही. पाय किती उंच आहे, म्हणजे पावलाची कमान आणि वरचा फुगवटा किती, तेही बघावं लागतं. त्यासाठी त्यांची युक्ती साधी होती. लेस सैल, जीभ पुढे ओढलेली, आणि वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर आडवी पेन्सिल ठेवायची. पेन्सिल दोन्ही कडांवर सपाट बसली तर बरं. मध्ये पायाला टेकून डुगडुगली तर बूट उथळ आहे, आणि लेस पावलाच्या वरच्या शिरांना चावणार. आमच्या मुलाचा चवडा माझ्यासारखाच रुंद. मी जन्मभर चपला घातल्या म्हणून माझा तसा, असं मी समजत होतो. पण पोरानं तर चपला फारशा पाहिलेल्याही नाहीत. त्याला एका कंपनीचा अकरा बाजूंनी चावत होता, दुसऱ्या कंपनीचा रुंद अकरा बरोबर बसला. बावर आणि सीसीएम या दोन्ही मोठ्या कंपन्या एकाच नंबरात अरुंद, मध्यम आणि रुंद अशी मापं देतात. नुसता नंबर सांगून घरबसल्या मागवू नये तो यासाठी.

बऱ्याच बुटांना दुकानातल्या भट्टीत साधारण ऐंशी अंश सेल्सियसवर काही मिनिटं गरम करतात. मऊ झालेला बूट पायात घालून, लेस बांधून, दहापंधरा मिनिटं गप्प बसून राहायचं. उभं राहायचं नाही. थंड होताना बूट पायाचा आकार घेतो. घोट्याचं हाड टोचणं त्यानं कमी होतं, पण चुकीचा नंबर बरोबर होत नाही. हे घरच्या ओव्हनमध्ये करायच्या फंदात पडू नये. आणखी एक, नवे स्केट्स खोक्यातून बोथट येतात. पहिली धार लावून घ्यावीच लागते.

घट्ट हवेत म्हणजे किती घट्ट, याचंही वेड असतं. एडमंटनचा पॉल कॉफी स्वतःच्या मापापेक्षा बरेच लहान स्केट्स घालून खेळायचा म्हणून प्रसिद्ध आहे. ते त्यालाच लखलाभ. मुलाच्या पायावर असले प्रयोग करू नयेत.

खर्चाचं काय, हा प्रश्न उरतोच. मोठ्यांचे वरच्या दर्जाचे स्केट्स हजार डॉलरच्या पुढे जातात आणि मुलाचा पाय तर वर्षात वाढतो. त्यावर तिथला सर्रास उपाय म्हणजे जुना जोड. आम्हीही पुढे दोनदा जुनेच घेतले. घोट्याजवळ बूट दोन बोटांनी दाबून बघायचा. सहज दुमडला तर तो संपला. पातं धार लावून लावून किती झिजलंय आणि आतल्या रिव्हेटना गंज चढलाय का, तेही बघायचं. आधीच्या पायाचा आकार त्यात बसलेला असतो, म्हणून थोडा वेळ घालून वाकून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

आपल्या लडाखमध्ये मात्र हा निवडीचा चैनीचा मामला नव्हताच. लेहच्या गोठलेल्या तळ्यावर सुरुवातीची मंडळी लष्करी बुटांना पाती ठोकून खेळली. भारताचा महिला संघ २०१६ साली तैपेईला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला, तेव्हा या मुली एकमेकींचं साहित्य वापरून तयार झाल्या होत्या. दुसरीच्या मापाच्या बुटात तोल सांभाळणं म्हणजे काय, ते आमच्या घरी सहा शनिवारांत कळलं होतं; त्या मुलींनी त्यात सामने खेळले. जानेवारी २०१८ मध्ये कॅनडाची ऑलिंपिक विजेती हेली विकेनहायझर साहित्य घेऊन लडाखला गेली, ती बातमी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा स्केट्सचे नंबरच आले.

अकराचे रुंद स्केट्स घालून आमचे चिरंजीव पुढच्या शनिवारी बर्फावर उतरले. एका दिवसात काही तो पळाला नाही. पण कठडा सोडला. घोटे सरळ होते. दहाएक फूट गेला, पडला, उठला आणि माझ्याकडे न बघता पुन्हा निघाला. घरी आल्यावर मी आईला सांगितलं, की दोन नंबर कमी करून आणले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि मोठे कुठे आहेत? ठेव जपून. होतील त्याला दोन वर्षांनी."