रूट नंबर शून्य : राजाजीनगर ते रिकव्हरी!

माहीत आहे का? जगातला पहिला अँड्रॉइड फोन रूट करायला ना लॅपटॉप लागायचा, ना केबल. नुसतं टाइप करायचं!

तो फोन म्हणजे एचटीसी ड्रीम, ऊर्फ टी-मोबाइल जी-वन. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला, बाजूला सरकणाऱ्या कीबोर्डसकट. एका पठ्ठ्याला मैत्रिणीने विचारलं, उत्तर का नाही दिलंस? त्याने नुकताच फोन रीबूट केला होता, म्हणून त्याने लिहिलं, 'रीबूट'. एंटर दाबलं आणि फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू! भानगड अशी, की पडद्यामागे एक रूट शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा पाळणारा प्रोग्रॅम, चुकून चालू राहिला होता आणि कीबोर्डवर बडवलेलं प्रत्येक अक्षर तिकडेही पोचत होतं. प्रेमाचा मेसेज थेट फोनच्या मुळाशी! पुढच्याच अपडेटमध्ये गूगलने ही फट बुजवली.

आता हे रूट म्हणजे काय? अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे आणि लिनक्सच्या हिशेबी तुमचं प्रत्येक अ‍ॅप हा एक वेगळा युजर असतो. त्यांचे नंबर १०००० पासून पुढे. म्हणूनच तुमच्या गेमला तुमच्या बँकेच्या अ‍ॅपचं फोल्डर उघडता येत नाही. रूटचा नंबर किती? शून्य! आणि या शून्याला फोनमधलं एकही दार बंद नसतं.

पण रूटच्या गोष्टीत राजाजीनगर कशाला?

कारण जागाच तशी आहे! चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजे राजाजी, हे भारताचे पहिले आणि शेवटचे भारतीय गव्हर्नर जनरल. त्यांच्या नावाची बेंगळुरूतली ही वस्ती पहिल्यापासून यंत्रांच्या शेजारची. डॉ. राजकुमार रस्त्यावर आज जिथे ओरायन मॉल आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर झगमगतंय, तिथे एकेकाळी किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना होता. १९४६ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेली अस्सल मराठी घराण्याची कंपनी. मोटारी उघडून बघणाऱ्यांच्या शेजारात आता मोबाइल उघडून बघणारे राहतात, एवढाच काय तो फरक.

आणि हे माहीत आहे का? लिनक्सवर चालणारा हातातला कॉम्प्युटर बेंगळुरूने अँड्रॉइडच्या आधी बनवला होता! राजाजीनगरापासून जवळच्याच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या प्राध्यापकांच्या डोक्यातून आलेला 'सिम्प्युटर'. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साथीने त्याचा 'अमिडा' अवतार बाजारात उतरला. त्यात हालचाल ओळखणारा सेन्सर होता, हात हलवला की यंत्राला कळायचं. आयफोन यायला तेव्हा तीन वर्षं बाकी होती! विक्री फारशी झाली नाही, पण मला विचाराल तर बेंगळुरूच्या प्रत्येक टेक-टूरमध्ये सिम्प्युटरचं नाव घ्यायलाच हवं.

वेलांटी वाचवा!

आता खास मराठी मसाला. थोडं मागे जाऊ, अँड्रॉइड २ च्या काळात. नवाकोरा स्मार्टफोन हातात, गावाकडून मराठीत मेसेज येतो आणि स्क्रीनवर काय? चौकोन, चौकोन, चौकोन! फोनमध्ये देवनागरीचा फॉन्टच नसायचा.

जुगाड नंबर एक : ऑपेरा मिनी. अ‍ॅड्रेस बारमध्ये 'ऑपेरा:कॉन्फिग' टाइप करायचं, खाली स्क्रोल करत जायचं आणि अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरायच्या पर्यायावर 'येस' करून सेव्ह करायचं. मग ऑपेराचा सर्व्हर मजकुराचं चित्र काढून पाठवायचा आणि मराठी पान वाचता यायचं. फोनला मराठी येत नव्हतं, तो नुसती चित्रं दाखवत होता!

जुगाड नंबर दोन : रूट! फॉन्ट राहतात सिस्टिमच्या फोल्डरमध्ये आणि ते असतं रीड-ओन्ली. बघा, पण हात लावू नका. तिथे नवी फाइल टाकायची तर शून्य नंबरचाच अधिकार हवा. म्हणून कितीतरी लोकांनी आयुष्यातलं पहिलं रूटिंग केलं ते गेमसाठी नाही, आपली लिपी दिसावी म्हणून! मला ही गोष्ट रूटिंगच्या सगळ्या इतिहासात सर्वांत लाडकी आहे.

ट्विस्ट ऐका. फॉन्ट बसला, अक्षरं आली, पण 'किती' लिहिलं की पहिली वेलांटी 'क'च्या डावीकडे येण्याऐवजी उजवीकडे जाऊन बसायची आणि जोडाक्षरांचे पाय मोडायचे. कारण नुसता फॉन्ट पुरत नाही. अक्षरं कशी जुळवायची हे सांगणारं शेपिंग इंजिन लागतं आणि ते त्या अँड्रॉइडमध्ये देवनागरीसाठी तयार नव्हतं. अँड्रॉइड ४ च्या पिढीत ते आलं आणि वेलांट्या आपापल्या जागी गेल्या.

गँडाल्फ फोन उघडतो

२०१३ मध्ये 'फ्रॅमारूट' नावाचं अ‍ॅप गाजलं. एक टॅप, की रूट! त्यातल्या युक्त्यांची नावं काय होती माहीत आहे का? गँडाल्फ, फ्रोडो, अ‍ॅरागॉर्न, लेगोलास! 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची अख्खी पलटण तुमच्या फोनच्या दारात.

त्याहून भारी होतं २०१० चं 'रेज अगेन्स्ट द केज'. फोन आणि कॉम्प्युटरमध्ये बोलणं घडवणारा एडीबी नावाचा प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा रूट असतो, मग तो स्वतःहून साधा युजर बनतो. या युक्तीने फोनमध्ये इतक्या प्रोसेस उघडल्या, की साध्या युजरचा कोटाच संपला. नव्या युजरला जागा नाही! बदल फसला, पण तो फसला की नाही हे तपासायची ओळच प्रोग्रॅममध्ये नव्हती. एडीबी राहिला रूटच्या रूट. फक्त गर्दी करून किल्ला जिंकला!

जॉर्ज हॉट्झ ऊर्फ जिओहॉट. २००७ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, त्याने आयफोन कुठल्याही सिमकार्डवर चालेल असा केला आणि तसा एक आयफोन देऊन बदल्यात घेतली निसान ३५० झेड गाडी, वर तीन नवे आयफोन! २०१४ मध्ये तोच 'टॉवेलरूट' घेऊन आला, गॅलेक्सी एस-फाइव्हसाठी. लोकांनी वर्गणी काढून १८ हजार डॉलरच्या आसपास बक्षीस लावलं होतं.

आणि चोर-पोलीस एकाच घरात? 'मॅजिस्क' हे आजचं सर्वांत लोकप्रिय रूट टूल. नाव आलं 'मॅजिक मास्क'वरून. तैवानच्या जॉन वू याने ते २०१६ मध्ये आणलं, सिस्टिमला हात न लावता रूट देणारं आणि रूट लपवणारंही. २०२१ मध्ये जॉन वू कुठे नोकरीला लागला? गूगलमध्ये, अँड्रॉइडच्या सिक्युरिटी टीममध्ये! मग मॅजिस्कमधली ती लपवाछपवी त्याने काढून टाकली.

ही रिकव्हरी हप्त्यांची नव्हे!

प्रत्येक अँड्रॉइडमध्ये मुख्य सिस्टिमच्या बाहेर एक छोटी सिस्टिम झोपलेली असते : रिकव्हरी. कंपनीची रिकव्हरी उघडलीत तर बहुतेकदा दिसेल उताणा पडलेला हिरवा रोबो, पोट उघडं, त्यावर लाल त्रिकोण. ही रिकव्हरी फक्त कंपनीची डिजिटल सही असलेली फाइल घेते. कस्टम रिकव्हरी ही अट काढून टाकते, शिवाय फोनची पूर्ण कॉपी काढून देते. एकेकाळी कौशिक दत्ता यांच्या 'क्लॉकवर्कमॉड'चं राज्य होतं. मग आली 'टीडब्ल्यूआरपी', जिथे व्हॉल्यूमची बटणं दाबत बसायला नको, सरळ टचवर काम. ती बनवणारी 'टीम विन' मुळात एचटीसी इव्होवर वायमॅक्स चालवायला जमली होती!

जुना शाओमी फास्टबूटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरकडून आज्ञा घेणाऱ्या मोडमध्ये, टाकला की कानटोपीवाला ससा अँड्रॉइडची दुरुस्ती करताना दिसतो. गोड आहे, पण इथेच थांबा आणि पुढचं नीट वाचा. स्किम करणाऱ्यांनीसुद्धा!

कस्टम रिकव्हरीसाठी आधी बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, अनलॉक करावा लागतो आणि तो अनलॉक केला की फोन सगळा डेटा पुसतो. हा बग नाही, सोय आहे : चोराने फोन अनलॉक करून तुमचे फोटो बघू नयेत म्हणून. आधी बॅकअप, तोही फोनच्या बाहेर. शाओमीच्या बऱ्याच मॉडेलना तर अनलॉकची परवानगी मागून १६८ तास थांबावं लागायचं. अख्खा आठवडा!

मग कोडनेम. माहीत आहे का, रेडमी नोट ४ नावाचे दोन फोन होते? स्नॅपड्रॅगनवाल्याचं कोडनेम 'मिडो', मीडियाटेकवाल्याचं 'निकेल'. डबा एक, पोट वेगळं! एकाची फाइल दुसऱ्यात टाकली की फोनची वीट. म्हणून खोक्यावरचं नाव नाही, कोडनेम जुळवा. आणि ही कोडनेम म्हणजे मेजवानीच आहे : वनप्लस वन 'बेकन', वनप्लस ५ 'चीजबर्गर', ६ 'एन्चिलाडा', ८ 'इन्स्टंटनूडल'! गूगलवाले मात्र मासेखाऊ. नेक्सस ४ 'माको', पहिला पिक्सेल 'सेलफिश'. कोकणी माणसाला पिक्सेलच परवडेल.

रिकव्हरी कायमची बसवायच्या आधी बऱ्याच फोनवर ती एकदाच उधारीवर चालवून बघता येते, कॉम्प्युटरवरून 'फास्टबूट बूट' कमांड देऊन. स्क्रीन काळी पडली? बटण दाबून धरा, फोन रीस्टार्ट, काहीच बिघडलं नाही. मला वाटतं, रूटिंगमधली सर्वांत कमी वापरली जाणारी आणि सर्वांत उपयोगी कमांड हीच. डाउनलोड केलेल्या फाइलचा चेकसम, म्हणजे फाइल धड उतरली का हे सांगणारा आकडा, जुळवायला एक मिनिट लागतं. तेही करा. कंपनीची मूळ सिस्टिम कॉम्प्युटरवर आधीच उतरवून ठेवा, बॅटरी भरपूर ठेवा, केबल धड घ्या.

केबल कुठे? राजाजीनगर मेट्रो स्टेशनवरून ग्रीन लाइन पकडा, गाडी न बदलता चिकपेटे उतरा आणि एसपी रोडच्या गल्ल्यांत घुसा. तो एसपी म्हणजे पोलीस नव्हे, सादर पत्रप्पा! इलेक्ट्रॉनिक्सची इतकी दाटी, की पाय ठेवायला जागा नाही.

आणखी एक सापळा. 'खेळ झाला, आता बूटलोडर परत लॉक करू.' थांबा! बदललेली सिस्टिम आत असताना लॉक केलात, तर सुरू होताना फोन सही तपासतो, ती जुळत नाही आणि फोन उठतच नाही. आधी मूळ सिस्टिम, मग लॉक. तेही जुनी आवृत्ती नको : २०१८ पासून शाओमीने अँटी-रोलबॅक आणलं आणि रेडमी नोट ५ प्रोवर जुनी सिस्टिम टाकणाऱ्यांच्या विटा पडल्या.

आयएमईआयच्या, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाच्या, फोल्डरची कॉपी जपून ठेवा, पण तो नंबर बदलायच्या फंदात पडू नका. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आणि ज्या फोनवर तुमचं यूपीआय चालतं, त्याला रूट करूच नका! बँकेची बरीच अ‍ॅप्स रूट दिसला की उघडायलाच नकार देतात, ते बरोबरच आहे. शून्य नंबर तुमच्या हातात आला, तसा तो एखाद्या लबाड अ‍ॅपच्याही हातात जाऊ शकतो. कपाटातला जुना फोन काढा, त्यावर खुशाल प्रयोग करा.

फ्यूज उडाला!

२०१३ च्या गॅलेक्सी नोट ३ पासून सॅमसंगच्या चिपमध्ये खराखुरा इलेक्ट्रॉनिक फ्यूज असतो. परकी सिस्टिम टाकली की तो जळतो, 'नॉक्स' या सॅमसंगच्या सुरक्षाव्यवस्थेचा शून्य होतो एक आणि पुन्हा शून्य कधीच होत नाही. सिक्युअर फोल्डर कायमचा गेला. सॅमसंगमध्ये सिस्टिम भरायच्या टूलचं नाव 'ओडिन', नॉर्स देवांचा राजा. त्याला ओपन-सोर्स पर्याय कोणता? 'हाइमडॉल', त्याच देवांचा द्वारपाल!

सोनीची तर कमाल. एक्सपीरिया झेड-थ्रीचा बूटलोडर उघडला की अंधारातले फोटो खराब यायचे, कारण कॅमेऱ्याची जादू ज्या चाव्यांवर चालायची, त्याच पुसल्या जायच्या.

कोर्टाची पायरीही चढून झाली आहे. 'सायनोजेनमॉड' ही हौशी लोकांची सिस्टिम इतकी मोठी झाली, की वनप्लस वन तीच घेऊन भारतात आला. मायक्रोमॅक्स म्हणाली, भारतात सायनोजेनचा हक्क आमचा! डिसेंबर २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने वनप्लसची विक्री थांबवली आणि थोड्याच दिवसांत खंडपीठाने ती बंदी उठवली. दोन वर्षांनी सायनोजेनचाच गाशा गुंडाळला गेला. तिच्याच कोडमधून उगवलेली 'लिनिएजओएस' आजही जुन्या फोनना नवं अँड्रॉइड देते आहे.

जुन्या फोनांचा महाविक्रमवीर कोण, माहीत आहे का? एचटीसी एचडी-टू, २००९ चा. लोकांनी त्यावर उबुंटू चालवलं, विंडोज फोन ७ चालवलं आणि अँड्रॉइडच्या एकामागून एक आवृत्त्या चढवत थेट २०१६ च्या नूगापर्यंत नेलं. गंमत म्हणजे कंपनीने तो विकला होता विंडोज मोबाइल ६.५ घालून. तो मुळात अँड्रॉइड फोन नव्हताच!