संकटसमयीची बिनतारी वाट

टिळकवाडीत राहणाऱ्यांस रेल्वेचे गेट पडणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. शाळेस निघालेली मुले, रिक्षा, मालमोटारी आणि रुग्णवाहिका सारी एकाच रांगेत तिष्ठत राहतात. रुग्णवाहिकेचा भोंगा कितीही मोठा असला, तरी तिला पुढे सरकता येत नाही. डोळ्यांस न दिसणाऱ्या बिनतारी लहरींच्या मार्गावरही संकटसमयी असेच घडते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि शहरातील कित्येक मोबाईल मुके झाले. काही मनोऱ्यांची वीज गेली. जे चालू होते त्यांवर सर्वांनी एकदमच हाका मारल्या. एका मनोऱ्याला एका वेळी ठरावीक संभाषणेच पेलतात. घरी काळजी करणाऱ्या आईची चौकशी आणि बुडत्या वस्तीकडे होडी पाठविण्याचा निरोप, यांत साध्या यंत्राला भेद कळत नाही.

मग पोलीस, अग्निशामक दल व रुग्णवाहिका यांना निराळ्या लहरी का देऊ नयेत? बोलण्यापुरत्या त्या पूर्वीपासून दिलेल्याच आहेत. परंतु पुराची छायाचित्रे आणि नकाशे पाठवावयाचे, तर अरुंद पट्टा पुरत नाही. रुंद पट्टा हवा. आणि आकाश अफाट असले, तरी उपयुक्त लहरी थोड्या. एकाच परिसरात दोघांनी एकाच कंपनसंख्येवर प्रक्षेपण केले, की दोघांचेही शब्द बिघडतात. त्यातही ७०० ते ८०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी दूरवर पोहोचतात, भिंतींतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. म्हणून थोड्या मनोऱ्यांत काम भागते. अर्थात त्यांवर सर्वांचाच डोळा! २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील १०-१० मेगाहर्ट्‌झची जोडी एका कंपनीने देशभरासाठी सुमारे ३९ हजार कोटी रुपयांस घेतली. एवढे मोल ज्या वस्तूला येते, ती विनामूल्य राखून ठेवणे कोणत्याही सरकारला जड जाणारच.

न्यू यॉर्क येथे ११ सप्टेंबर २००१ रोजी जुळे मनोरे पेटले. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून मनोरा कोसळण्याची चिन्हे दिसली. परंतु पोलीस व अग्निशामक यांची बिनतारी यंत्रे परस्परांशी जोडलेली नसल्याने ती सूचना आतील अग्निशामकांना ऐकू गेली नाही. त्या दिवशी ३४३ अग्निशामक प्राणांस मुकले. तरीही अमेरिकेत स्वतंत्र जाळ्याचा कायदा होण्यास २०१२ साल उजाडले. त्याने २० मेगाहर्ट्‌झ आणि ७ अब्ज डॉलर दिले. पैसा मुख्यतः इतर लहरींच्या लिलावातून काढावयाचा होता, ही युक्ती मला विशेष चतुर वाटते.

आपल्याकडे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जून २०१८ मध्ये शिफारस केली की, ८०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात अशीच १०-१० मेगाहर्ट्‌झची जोडी या कामासाठी देशभर राखावी आणि आरंभी काही ठिकाणी सरकारी खर्चाने प्रयोग करून पाहावा. प्राधिकरण सल्ला देते, निर्णय सरकारचा. खर्चही केवळ मनोऱ्यांचा नव्हे. बॅटऱ्या, जनित्रे, दुरुस्तीची माणसे ही सर्व वर्षभर सज्ज ठेवावयाची, आणि वर्षातून चारच दिवस त्यांची खरी कसोटी लागावयाची. व्यापारी कंपनीला हा हिशेब कसा परवडावा?

आपल्या सीमाभागात तर आणखी एक अडचण आहे. वेदगंगा महाराष्ट्रात उगम पावते आणि निपाणी तालुक्यात येते. पाणी सरहद्द ओळखत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये यमगर्णीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर तिचे पाणी आले व वाहतूक बंद पडली. अशा वेळी कागलकडील वाहने महाराष्ट्राच्या पोलिसांनी अडवावयाची आणि निपाणीकडील कर्नाटकाच्या. दोन्ही राज्यांच्या पोलिसांची बिनतारी जाळी मात्र निरनिराळी. देशभर एकच पट्टा राखला गेला, तर कागलच्या हवालदाराची हाक निपाणीच्या हवालदाराला त्याच क्षणी ऐकू येईल.