नावाचे भाडे

भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. ती विकायला कोणी संकेतस्थळ काढायचे ठरवले, तर आधी नाव हवे. डोमेन नाव विकत मिळत नाही, मुदतीच्या भाड्याने मिळते. ‘.इन’ची मूळ नोंदवही ‘निक्सी’ सांभाळते; २०१४पासून देवनागरीत ‘.भारत’ही मिळते. नोंदणी मात्र रजिस्ट्रार कंपन्या करतात.

पहिल्या वर्षाच्या स्वस्त दराला भुलू नये. बँकेत आम्ही कर्जाची एकूण परतफेड पाहत असू. तशी इथे पाच वर्षांच्या नूतनीकरणाची बेरीज करावी. दर वाढला, तर नोंद दुसऱ्या कंपनीकडे हलवता येते. पण ती आपल्याच नावावर असावी, संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नव्हे. मुदत चुकली की नाव सोडवायला जादा पैसे पडतात. तेही टळले, तर ते कोणीही घेऊ शकतो. विम्याच्या हप्त्यासारखी ही तारीखही घरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावी.