छापणारा हात : सातारा-सांगलीतील छपाईकामाचा मागोवा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील मुद्रणाचा इतिहास पाहू जाता संस्थानिक, संपादक आणि छापखान्यांचे मालक यांची नावे सहज सापडतात. प्रत्यक्ष छपाई करणारा कारागीर मात्र आरंभापासूनच मागे राहिलेला दिसतो. नाना फडणविसांच्या काळात, इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या प्रोत्साहनाने पुण्यात देवनागरी अक्षरे तांब्याच्या पत्र्यावर कोरण्यास शिकलेल्या एका तांबटाला मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी आश्रय दिला, आणि 1805 मध्ये मिरजेत भगवद्गीता छापली गेली. कागदावर अक्षर सुलटे उमटावे म्हणून पत्र्यावर ते उलटे कोरावे लागते. हे अवघड काम साधलेल्या तांबटाची ओळख केवळ त्याच्या व्यवसायापुरती उरली, ही गोष्ट खेदाची आहे.

विसाव्या शतकात औंधला सातवळेकरांच्या स्वाध्याय मंडळाचे वैदिक ग्रंथ, किर्लोस्करवाडीला 1920 पासून ‘किर्लोस्कर खबर’ आणि 1930 पासून ‘स्त्री’ अशी मोठी कामे उभी राहिली. गावोगावच्या छोट्या छापखान्यांचा चरितार्थ मात्र जॉबवर्कवर, म्हणजे लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हस्तपत्रके अशा सुट्या कामांवर चालत असे. तेथे जुळारी शिशाचे खिळे उलटे वाचत ओळी जुळवी, त्या ओळी लोखंडी चौकटीत आवळून फर्मा तयार होई, आणि ट्रेडल म्हणजे पायाने चालवायच्या यंत्रावर मशीनमन एका हाताने कोरा कागद घालून दुसऱ्या हाताने छापलेला काढून घेई. या लयीत क्षणाचीही चूक झाली तर बोटे चेपत.

पुढे आलेल्या ऑफसेट पद्धतीत सपाट प्लेटवरचा मजकुराचा भाग तेलकट शाई धरतो, उरलेला भाग पाणी धरतो, आणि प्रतिमा आधी रबरी आवरणावर व तेथून कागदावर उतरते. पाणी वाढले तर छपाई फिकट होते, कमी पडले तर कोरी जागा मळते. शिवाय वाई-महाबळेश्वराकडच्या पावसाळ्यात कागद ओल धरून फुगतो आणि बहुरंगी कामात एका रंगावर दुसरा नेमका बसत नाही. हा तोल सांभाळणे हे ऑपरेटरचे खरे कौशल्य असून ते नजरेने आणि सरावानेच येते.

डीटीपीने, म्हणजे संगणकावरील अक्षरजुळणीने, जुळाऱ्याचे काम संपवले, आणि प्लेटशिवाय छापणाऱ्या डिजिटल यंत्रांनी अवघ्या पाच-पंचवीस प्रतीही तासाभरात देणे शक्य केले. आजच्या झटपट छपाईच्या दुकानात एकच माणूस मांडणी करतो, छापतो, कटिंग करतो आणि बिलही बनवतो. निवडणुकीच्या दिवसांत पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाची नावे व पत्ते आहेत की नाहीत, हेही त्यालाच पाहावे लागते, कारण 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 127-क तसे बंधन घालते.

या वेगात सर्वाधिक नुकसान मुद्रितशोधनाचे झाले आहे. जुळाऱ्याला प्रत्येक अक्षरापाशी थांबणे भाग होते. आता ग्राहक मोबाइलवर मजकूर पाठवतो, तो युनिकोडमधून दुकानातल्या जुन्या फाँटमध्ये नेताना रफार सरकतात, जोडाक्षरे फुटतात, आणि पत्रिकेवरचे आडनाव बिघडले आहे हे छापण्याआधी ओळखणारा शेवटचा माणूस हा ऑपरेटरच असतो.