गॅरेजच्या जमिनीची साडेसाती

मोटारीला लोक दर रविवारी आंघोळ घालतात. पण ती ज्या जमिनीवर रात्र काढते, तिच्याकडे कोण पाहतो? आमच्या पुण्याच्या घरातल्या गॅरेजचा कोबा तीस वर्षे ऑइल पीत होता. झाडू मारला की सिमेंटची पूड उडे. त्याचे मला काही वाटत नसे. पण आईचा मागच्या अंगणात जाण्याचा रस्ता गॅरेजमधूनच. ती ऐंशीच्या पुढची. कोब्यातल्या खड्ड्यांत तिची काठी अडकू लागली, तेव्हा जमीन नवी करायचे ठरले.

हल्ली अशा जमिनीवर इपॉक्सीचा लेप देतात. स्वित्झर्लंडचे पिएर कास्टान आणि अमेरिकेचे सिल्व्हन ग्रीनली यांनी स्वतंत्रपणे शोधलेली ही वस्तू. १९४६ साली आलेले अराल्डाइट हे तिचेच घरगुती रूप. डबे दोन. एकात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. दोघांची गाठ पडली की लग्न लागले, मग घटस्फोट नाही! मिश्रण जमताना तापते. बादलीत तसेच ठेवून चहाला गेलात, तर परत येईपर्यंत बादलीचा धोंडा झालेला. म्हणून कालवले की लगेच जमिनीवर ओतून पसरायचे. पातळ थरातली उष्णता निघून जाते आणि हाताला थोडी सवड मिळते.

पण ही झाली शेवटची घटका. शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांनी पेन्शनीतले पैसे घालून असाच लेप करवून घेतला होता. पहिल्याच पावसाळ्यात फोड आले आणि उरलेले पोपडे गाडीच्या तापलेल्या चाकांनी उचलून नेले. दोष लेपाचा नव्हता, खालच्या जमिनीचा होता.

आमचा मिस्त्री म्हणाला, “साहेब, आज ॲसिड मारतो, उद्या लेप. दिवाळीला गाडी आत!” मी म्हटले, थांबा. कोब्यावर पाण्याचे थेंब टाकले. ते मुरले तर ठीक. मोत्यासारखे उभे राहिले तर खाली तेल आहे. मग दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवला. सकाळी कागदाच्या आतल्या बाजूला घाम! पाऊस नुकताच सरला होता आणि ओल जमिनीतून वर येत होती. तिच्यावर लेप दिला असता तर शेजाऱ्यांचीच कथा.

मिस्त्रीचा चेहरा उतरला. ऐन सणाचे त्याचे पैसे लांबत होते. मी त्याला खड्डे भरायचे काम लगेच दिले आणि थोडी रक्कम आगाऊ दिली. नव्या सिमेंटला पक्के व्हायला अठ्ठावीस दिवस हवेतच. आईची काठी तर त्याच आठवड्यात सुटली.

जानेवारीत कागद कोरडा निघाला. तेलाचे डाग साबणाने धुऊन काढले. ॲसिडऐवजी यंत्राने कोबा घासला, म्हणजे वरची कच्ची साय जाते आणि लेपाला धरायला खरखरीत अंग मिळते. धूळ इतकी, की तोंडाला मुखवटा हवाच. मग प्रायमर आणि दोन हात. मिस्त्रीला आरशासारखी चकाकी हवी होती. मी ओल्या लेपावर बारीक वाळू शिंपायला लावली. ओल्या चपलांनी आई त्या आरशावर घसरली असती तर? दुसऱ्या दिवशी ती तिथून चालली. गाडी मात्र आठवडाभर रस्त्यावर.

दाराजवळ उन्हाची तिरीप येते, तिथला लेप आता पिवळट पडतो आहे. इपॉक्सीला ऊन सोसत नाही. तेवढ्या पट्ट्यावर पॉलियुरेथेनचा हात द्यायला मिस्त्रीला सांगून ठेवले आहे. पाऊस सरून जमीन वाळली की तो येईल.