दीक्षित, दिवेकर की सूप? रुवैसमधल्या एका मधुमेहीचा हिशेब



कतारचा नकाशा उघडलात तर अगदी वरच्या टोकाला अल रुवैस दिसेल. दोहापासून शंभरेक किलोमीटर. मासेमारीचं जुनं गाव, बंदर, लाकडी होड्या आणि उन्हाळ्यात चष्म्यावर धुकं आणणारी दमट हवा. मी इथे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळतो. वय ३७, इंजिनीअरिंग सांगलीचं, बायको-मुलगी कराडला आई-बाबांजवळ. आणि दोन वर्षांपासून टाइप २ मधुमेह. आहार बदलायचं ठरवलं तेव्हा वजन ८६ किलो, उंची १७० सेंमी, एचबीए१सी ७.८.

वजन कमी करा, हे डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं. कसं, हा प्रश्न मात्र घरी घेऊन आलो. आपल्याकडे या प्रश्नाला उत्तरांची कमी नाही! २०१८ साली अख्खा महाराष्ट्र ‘दीक्षित की दिवेकर’ यावर भांडत होता, ते आठवत असेलच. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात, कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही खाऊ नका आणि रोज ४५ मिनिटं चाला. या विचाराचं मूळ ते नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांना देतात. ऋजुता दिवेकर म्हणतात, थोडं थोडं, ठरावीक वेळाने, आपल्या मातीतलं खा, तुपाला घाबरू नका. आमच्या घरात आई दिवेकरांच्या बाजूची, मेहुणा कट्टर दीक्षितवाला. फोनवर दोघांचं ऐकून माझी भूकच जायची.

म्हणून वाद बाजूला ठेवून आकडे शोधले. या प्रश्नावर प्राग शहरात एक नेटका प्रयोग झालाय, २०१४ साली प्रसिद्ध झाला. टाइप २ मधुमेहाचे ५४ रुग्ण. कॅलरी तेवढ्याच, पण १२ आठवडे दिवसातून सहा लहान जेवणं आणि १२ आठवडे फक्त दोन मोठी. सहा जेवणांत वजन सरासरी २.३ किलो घटलं, दोन जेवणांत ३.७. म्हणजे पारडं दोन जेवणांकडे झुकतं, पण एक मेख आहे. ती दोन जेवणं सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण अशी होती. रात्री दहाला भरपेट जेवून ‘मी दोनदाच जेवतो’ म्हणणाऱ्यांना त्या प्रयोगाचा आधार घेता येणार नाही.

तिसरा पर्याय तर इथे कतारमध्येच तपासला गेलाय. डायाडेम-१ नावाचा अभ्यास, २०२० साली लॅन्सेटच्या मधुमेहाच्या नियतकालिकात आला. मधुमेह होऊन तीन वर्षांपेक्षा जास्त झाली नाहीत असे १८ ते ५० वयाचे रुग्ण. पहिले १२ आठवडे नेहमीच्या जेवणाऐवजी मोजून कमी कॅलरीचे सूप-शेक, मग हळूहळू साधं जेवण, सोबत व्यायाम. वर्षभरात वजन सरासरी जवळजवळ १२ किलो घटलं आणि ६१ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. मात्र हे रुग्ण पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतले होते, आपले देशी नव्हेत.

आपलं शरीर थोडं वेगळं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणजे ‘मी काही जाड नाही’ हा आपला दिलासा खोटा असू शकतो. वजनकाट्यासोबत पोटाचा घेरही मोजायला हवा.

ब्रिटनमधल्या डायरेक्ट या अशाच अभ्यासात पहिल्या वर्षी ४६ टक्के लोक औषधमुक्त झाले होते, दुसऱ्या वर्षाअखेर ३६ टक्के उरले. वजन परत आलं की साखरही परत येते. त्यामुळे ‘किती लवकर घटेल’ यापेक्षा ‘दोन वर्षांनी मी हेच खात असेन का’ हा प्रश्न मला मोठा वाटला.

पण या सगळ्याच्या आधी एक पायरी आहे, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहायला बसलो. आहार निवडण्याआधी आपल्या गोळ्यांची यादी बघायची. आपल्या भाषेत सांगायचं तर, डिपेंडन्सी न तपासता प्रॉडक्शनवर बदल टाकायचा नाही.

मला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या होत्या. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. तुम्ही जेवा वा न जेवा, ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. ही गोळी घेऊन एक जेवण गाळलं, तर साखर ७० च्या खाली घसरू शकते : घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. मी आठवड्यातून दोनदा दोहाला एकटा गाडी चालवत जातो, दुतर्फा वाळवंट. तिथे हे झालं तर? म्हणून आधी डॉक्टरांकडे गेलो, दोन जेवणांचा बेत सांगितला. त्यांनी ग्लिमेपिराइड बंद केली, मेटफॉर्मिन ठेवली आणि पहिले काही आठवडे रोज ग्लुकोमीटरने साखर मोजायला लावली. इन्शुलिन घेणाऱ्यांना हाच धोका. आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी उपास किंवा भात-पोळी एकदम बंद करण्याआधी विचारायलाच हवं, कारण त्यात साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं.

सूपचा मार्ग मी सोडला. त्याला डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांची नियमित नजर लागते, ती शिफ्टच्या नोकरीत मला जमण्यासारखी नव्हती. मी दोन जेवणं घेतली : सकाळी नऊ आणि दुपारी साडेचार. ताटात अर्धी जागा भाजी-सॅलडला, मग भाजलेला हामूर नाहीतर डाळ-उसळ, शेवटी अर्धा खुबूस किंवा एक भाकरी. करक चहा बंद, तो चहा कसला, दुधा-साखरेचं सरबतच! संध्याकाळी ऊन उतरल्यावर बंदराकडे चालणं. रमजानमध्ये दिवसा बाहेर खाता येत नाही आणि शिफ्ट बदलतात, तेव्हा वेळा पुन्हा डॉक्टरांना विचारून ठरवतो.

सात महिन्यांत ८६ चे ७७ झाले, एचबीए१सी ६.३. याला रेमिशन म्हणत नाहीत बरं का, कारण मेटफॉर्मिन चालू आहे. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार औषध थांबवून किमान तीन महिने ६.५ च्या खाली राहायला हवं. तो टप्पा अजून पुढे आहे.

हे आकडे ऐकून आईने विचारलं, “अरे, मग ह्यांनाही दोनच वेळा जेवायला देऊ का? मध्ये नारळपाणी, ताक देईन.” बाबांना वीस वर्षांचा मधुमेह, इन्शुलिन चालू आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मी म्हटलं, “आई, नको. अजिबात नको.” डायलिसिसवरच्या माणसाला प्रथिनं उलट जास्त लागतात, पाणी मोजून प्यावं लागतं, आणि नारळपाण्यातलं पोटॅशियम त्याच्या हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. इन्शुलिनचा धोका वेगळाच. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मग ह्यांच्या डॉक्टरांनाच विचारते, यादी करून ठेवते.” आजाराचं नाव एकच, घर एक, रक्त एक, तरी बाप-लेकाची ताटं वेगळी.

तेव्हा मंडळी, गावाकडून कुणाचाही डाएट प्लॅन आला तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच सुरूही करू नका. गोळ्यांची यादी, क्रिएटिनिन, एचबीए१सी आणि आपली शिफ्ट, एवढं एका कागदावर लिहा आणि डॉक्टरांसमोर ठेवा. बाबांची किडनी गेली तेव्हा हा कागद करायची वेळ निघून गेली होती. आपल्यातल्या बहुतेकांची अजून गेलेली नाही.

ज्यांनी शिफ्ट सांभाळून हे जमवलंय त्यांनी आपला अनुभव जरूर लिहावा.